फोटोतला चेहरा

३ मार्च
चष्मेवाले काका गेले. समोरच्याच दुकानात, भरदिवसा, कुणीतरी डोक्यात रॉड घातला. मी कामावर, दवाखान्याच्या खिडकीत होते. एक जण दुकानातून धावत बाहेर आला, वर बघितलं — नजरानजर झाली — आणि गल्लीत शिरला. क्षणभरच. पण पाहिला.

५ मार्च
जबाब दिला. हवालदार जांभया देत लिहीत होते. "बघू."

९ मार्च
वहिनीच्या पेपरात तिनेच लिहिलेली बातमी — पोलीस झोपलेत का? दुपारपर्यंत एक जण पकडलासुद्धा! काकांकडे पूर्वी कामाला होता म्हणे. वहिनीचा फोन : "आम्ही ओरडल्याशिवाय कुणाला जाग येत नाही." खरंय तिचं.

१० मार्च
पहिल्या पानावर त्याचा फोटो. वर ठळक — 'हाच तो खुनी'. घरी पाहिला, दवाखान्यात पाहिला, पेशंटच्या हातात पाहिला. दादाने फोनवर विचारलं, "हाच ना?" म्हटलं, असेल.
खिडकीखालचा चेहरा आठवायला जाते आणि फोटोच डोळ्यांपुढे येतो.

११ मार्च
दादाकडे जेवायला गेले आणि वहिनीशी वाजलं. म्हटलं, ओळख परेड व्हायचीय, त्याआधी फोटो कशाला छापलास?
"लोकांना कळायला नको?"
"आणि त्याचं काय? कोर्टाआधीच खुनी ठरवलात."
"फोटो पोलिसांनीच दिला. आम्ही नाही तर दुसऱ्यांनी छापला असता."
ताट तसंच ठेवून घरी आले.

१४ मार्च
परेड झाली. सगळे एका ओळीत उभे, साधारण एकाच वयाचे. तो तिसरा. चेहरा इतका ओळखीचा की बोट आपोआप उठलं. साहेबांनी लिहून घेतलं. वळले तर मागून तो हळूच म्हणाला, "ताई, नीट बघा."
बाहेर चष्मेवाल्या काकू थांबल्या होत्या. माझे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांना काय सांगणार?

१६ मार्च
नीट बघा. नीट बघा. आज पेशंटची नावं चुकीची पुकारली.

१९ मार्च
दवाखान्याच्या जिन्यात तो समोर आला. फोटोतला नव्हे — त्या दिवशी खिडकीखालून पळालेला तो. त्यानेही मला ओळखलं, आल्या पावली खाली पळाला.
तशीच चौकीत गेले. साहेब म्हणाले, "तुम्हीच ओळखलंत ना, बाई? आता घोळ घालू नका."
बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. म्हटलं, "लिहून घे. माझ्या नावानिशी छाप."