खोडलेली सही

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

घडले ते क्रमाने लिहिते. पहिले: जहाजावर तेल शुद्ध करणारे यंत्र उघडले, तेव्हा नट खोलायचे पाने सोबतच्या दोन प्रशिक्षणार्थींच्या हातात होते आणि मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी होते. दुसरे: ते काम मी केल्याची सही सेकंड इंजिनिअरसाहेबांनी माझ्या प्रशिक्षण नोंदवहीत ठोकली. तिसरे: घरी आल्यावर ती सही मी खोडली आणि वही तशीच कंपनीला पाठवली. चौथे: आज कंपनीने कळवले की साहेबांचा लेखी खुलासा येईपर्यंत मला पुढचे जहाज मिळणार नाही.

त्या दोघांना फोन केले. एकानेही उचलला नाही. त्यांच्याही वह्यांत अशा सह्या आहेत. भित्रे. पण त्यांच्याशिवाय हे कळणारे माणूस मला ठाऊक नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "सही झाली हुती की. लई शानी तू. आता बस हितंच."

"न केलेलं काम माझ्या नावावर नको, बाबा."

"मग करून घ्यायचं हुतं."

 मी साहेबांकडे पाना मागितला होता. एकदाच, हळू आवाजात. नंतर मानापायी पुन्हा मागितला नाही आणि त्यांनी दिलेली बॅटरी धरली. सही खोडली ती सत्यासाठी की रागाने? दोन्ही असेल. राग अधिक.

आत्ताच साहेबांना पत्र लिहून पूर्ण केले. खुलासा मागितलाच आहे, पण खरा प्रश्न शेवटी घातला: मी पाना मागितला, तेव्हा आपण माझ्या हाती बॅटरी का दिलीत? उत्तर फोनवर नको. लेखी द्यावे.