फॉर्मातला आजाराचा रकाना

५ फेब्रुवारी १९७९

प्रिय शालिक,

तुझं पत्र आणि शामलाचं पत्र एकाच दिवशी हाती आलं. तुझं आधी वाचलं. सावनेरकडच्या कोळसा खाणीची बास्केटबॉलची टीम बनून राहिली, वीस तारखेले ट्रायल आहे, आणि फॉर्मात पुन्हा तोच रकाना आहे, मागे झालेला आजार किंवा दुखापत. तू विचारलं, रुप्या, ह्या खेपेले काय लिहू? तुझ्या बहिणीनं काय लिहिलं ते मागून सांगतो. त्याआधी हे पत्र पुरं वाच गा, मधातच फाडू नको. माझं अक्षर तुले माहीत आहे, सातवी नापासाचं. तरी आज हळूहळू, नीट लिहून राहिलो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तं मले तीन वर्षं मागे जावं लागते.

आधी इकडची खबर. माझा गुडघा गेला. डिसेंबरात मॅचमध्ये बॉलसाठी उडी मारली, खाली आलो तं आतमध्ये सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. कारखान्याच्या डॉक्टरानं खेळणं बंद केलं. आता मले स्टोअरमध्ये बसवलं आहे, नट-बोल्टच्या पेट्या इकडून तिकडे लावतो. नोकरी राहिली, हे नशीब. ह्या मुलखाले लोक छोटा नागपूर म्हणतात. आलो तेव्हा तुले लिहिलं होतं नं, की नागपुरातून निघालो आणि नागपुरातच उतरलो. आता ते हसू येत नाही. मेसमध्ये पिवळं पाणी वाढतात आणि त्याले रस्सा म्हणतात. तुझ्या मायच्या, मैनाबाईच्या हातचा रस्सा एकदा ह्या आचाऱ्याच्या तोंडात घातला तं नोकरी सोडून पळून जाईल.

मैनाबाईचं नाव काढलं की माझं पाणी होते. लकडगंजात आरा मशीनवर सागाचा ओंडका सुटून ह्याच गुडघ्यावर आला, मामानं महिनाभर पाहिलं आणि म्हणाला, लंगड्याले बसून खाऊ घालायले माझ्या घरी धर्मशाळा नाही. तेव्हा तू मले सायकलवर डबलसीट बसवून तुमच्या घरी नेलं. कोष्ट्याचं घर, दोन खोल्या, त्यातली एक तुझ्या बापाच्या मागानं भरलेली. मैनाबाईनं एकच विचारलं, तिखट खाते का? मग चार वर्षं आपण एका सतरंजीवर झोपलो. मोहल्ल्यातल्या ग्राउंडवर चंपतराव मास्तरानं फळीले रिंग ठोकून आपल्याले खेळ शिकवला, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणत, रुप्याचे पाय आणि शालिकचे हात जोडले तं एक पुरा खेळाडू होते, तोवर दोन अर्धे सांभाळा.

मग तुझा तो उन्हाळा. तुले ते दिवस नीट आठवत नाहीत, तूच मले सांगितलं होतं. म्हणून मी पाहिलं तसं सांगतो. आठ दिवस तू बोलतच राहिला. बोलता बोलता मागावरचं अर्धं लुगडं उसवलं, म्हणे धागे एकमेकांशी भांडून राहिले, त्यांले सोडवतो. मग एकदम गप्प. विणणारा पाय सोडून बसते त्या मागाच्या खड्ड्यात तू उतरला आणि तीन दिवस वर आला नाही. मी काठावर बसून होतो. मोहल्ल्यातले लोक दारातून वाकून पाहात, कोणी म्हणे भुताचं लागिर, कोणी म्हणे जास्त शिकला. तू कोणाले हात लावला नाही, कोणाले शिवी दिली नाही. मी भाकरीचा तुकडा पुढे केला की तू तो अर्धा करून मले परत देई. एवढं हरवलं होतं तरी तुले माझी भूक समजत होती. मग मास्तरानं रिक्षा आणली आणि आम्ही तुले पागलखान्यात नेलं. चार महिन्यांनी तू गोळ्या घेऊन परत आला, थोडा जाड झालेला, तोंड सारखं कोरडं पडे म्हणून सुराहीजवळ बसणारा, बाकी माझा शालिक होता तसाच.

मग शहात्तरच्या जानेवारीत ह्या कारखान्याचे कोच साहेब नागपूरले पोरं निवडायले आले. आपले दोघांचे फॉर्म तूच भरले, मॅट्रिक तू होता. आजाराच्या रकान्यात तू स्वतःचं सगळं लिहिलं, चार महिने पागलखाना, गोळ्या चालू, आणि डॉक्टराचा फिट असल्याचा कागद जोडला. माझ्या फॉर्मावर तुझा पेन अडला. तू म्हणाला, गुडघा लिहायचा नं? मी तुझ्या हातून पेन घेतला आणि 'नाही' लिहिलं. दोन दिवस खेळ झाला. तू दुरून टाकलेले बॉल रिंगले न लागता जाळीतून जात होते आणि साहेब उभे राहून पाहात होते. शेवटी आपण दोघं उरलो आणि एक जागा उरली.

आता जे तुले माहीत नाही ते. दुसऱ्या दिवशी दुपारी तू सुराहीजवळ पाणी पिऊन राहिला होता तेव्हा साहेब माझ्याजवळ आले. तुझा कागद त्यांच्या हातात होता. म्हणाले, "हॉस्टल में एक कमरे में दो लड़के रहते हैं. तू इसके साथ रहेगा?" एवढंच. चार वर्षं एका सतरंजीवर झोपलेल्या माणसाले हे विचारलं होतं. मी लेस बांधायले खाली वाकलो. लेस बांधलेलीच होती. मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. साहेब तेवढा वेळ थांबले. मग "ठीक है" म्हणून निघून गेले. मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही शालिक, आणि तुझ्या बाजूनं बी बोललो नाही. जागा एक होती, हे खरं. भीती बी होती, तुझी नाही गा, परक्या मुलखात तुले पुन्हा तसं झालं आणि मैनाबाई नाही, मास्तर नाही, तं मी एकटा काय करू, ही भीती. पण ती तशीच सांगता आली असती. साहेब, भेव वाटते, तरी राहीन. दोन सेकंदाचं काम होतं.

यादीत माझं नाव आलं. तू मले खांद्यावर उचललं. स्टेशनवर सोडायले आला तेव्हा मैनाबाईच्या डोळ्यात पाणी होतं, तुझी जागा गेली म्हणून बी आणि मी चाललो म्हणून बी. आणि मी काय केलं? गाडीच्या दारात उभा राहून तुले टोमणा मारला. म्हटलं, हरिश्चंद्रा, तुझ्या खऱ्यानंच तुले खाल्लं, रकाना कोरा ठेवला असता तं आज संगं असता. तू हसून मान हलवली. ते तू खरं मानलं. तेव्हापासून तू समजून राहिला की पागलखान्याच्या कागदानं तुले घरी बसवलं, आणि मी तुले तसंच समजू दिलं.

गुडघा गेल्यावर मी साहेबाच्या घरी टीमचा निरोप घ्यायले गेलो. ते म्हणाले, बस. तुझा गुडघा खराब आहे हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, फॉर्मात तं नव्हतं. म्हणाले, "तेरे दोस्त ने बताया था." शालिक, त्याच दुपारी त्यांनी तुले बी माझ्याबद्दल विचारलं होतं! तू म्हणाला होता, दुसऱ्या हाफात दुखते साहेब, पाच मिनिटं बसवा, मग घोड्यासारखा धावते. तीन वर्षं साहेब मले दुसऱ्या हाफात पाच मिनिटं खाली बसवत आणि मी मनात त्यांले शिव्या देई. मग मी तुझं विचारलं. म्हणाले, कागद मी वाचला होता, डॉक्टरानं फिट लिहिलं होतं, आणि पोरानं स्वतः होऊन सांगितलं, म्हणजे लपवणारा नाही. लपवलेलं दुखणं मॅचमध्ये बाहेर येते, सांगितलेलं सांभाळता येते. मी त्यालेही घेणार होतो, वरून एक जागा मागून घेतली असती. पण जो त्याच्यासंगं राहते तोच तोंड उघडेना, मले वाटलं कागदात नाही असं काही असेल. तेव्हा मी त्यांले लेसचं सांगितलं. ते म्हणाले, "मुझे क्या बताता है? उसको बता."

त्याले महिना झाला. चार वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला, आणि अजून ठेवला असता. पण शामला लिहिते, फॉर्म आणला त्या दिवसापासून दादानं गोळ्या बंद केल्या, आज अठरा दिवस. विचारलं तं दादा म्हणते, मले खोटं लिहिता येत नाही वं, म्हणून आधी ते खरं करून घेतो. इलाज बंद केला तं 'इलाज चालू नाही' असं लिहिता येईल. तीन दिवसांपासून तू फार बोलून राहिला आणि झोपत नाही, असंही ती लिहिते. मैनाबाईले तिनं अजून सांगितलं नाही. तार केली असती, पण तार पाहून माय छाती धरून बसली असती आणि तारेत हे सगळं मावत नाही. शालिक, त्या कागदानं तुले अडवलं नव्हतं. मी अडवलं. हे पत्र वाचून होताच शामलाच्या हातून पाणी घे आणि गोळी घे, मग तिले संगं घेऊन डॉक्टराकडे जा, अठरा दिवसांचं त्यांले सांग. रकान्यात सगळं लिही, आणि खाली माझं नाव लिही, म्हणजे विचारायचं असेल त्यानं मले विचारावं. मी रजा टाकली आहे, शनिवारी पोचतो. तोंडानं हे मले सांगता आलं नसतं, म्हणून पत्र पुढं पाठवून राहिलो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी ओट्यावर बसीन. राग माझ्यावर काढ गा, गोळीवर काढू नको.

तुझाच,
रुपराव