पाटीवरचे पन्नास

मी, वय वर्षे शहात्तर, धंद्याने इंजिन मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून गुंडाळलेले नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत एक गोष्ट लिहायची राहून गेली होती. राहून गेली कसली, मीच गाळली होती. ती या खेपेस कलम पाचमध्ये येईल.

वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. पहिली, थोडक्यात लिहा. ते काही जमेलसे दिसत नाही. दुसरी, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याच्या वाट्याचे त्याला मिळत नाही. म्हणून साक्षीसाठी शेजारचे कंपाउंडर आणि वकीलबाईंचे कारकून या दोघांना सांगून ठेवले आहे. दोघांनाही मी काडीचे देत नाही, हे त्यांना माहीत आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या मुलीला. शेडमधले लेथ मशीन ती माझ्यापेक्षा चांगले चालवते, हे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून येथे लिहितो. मोरीचा नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो. प्लंबरला नावे ठेवू नयेत, तो मीच बसवला आहे.

कलम २. बँकेत जे काही उरेल ते मुलीलाच. आकडा लिहीत नाही, उगाच वाचणाऱ्याला हसू नको.

कलम ३. सगळे पाने, हातोडे, पुलर आणि मोजमापाची हत्यारे मुलीला. चेन-पुली मात्र कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे आहे. आठ वर्षांपूर्वी 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून नेली. ती मी त्यालाच दिली, असे येथे जाहीर करतो. आता तरी त्याने माझ्या दारावरून मान ताठ ठेवून जावे. बिचारा आठ वर्षे लांबच्या गल्लीने जातो आहे.

कलम ४. आता रणगाडा. शेडमध्ये मागच्या महायुद्धातला एक रणगाडा आहे आणि तो चालतो. युद्ध संपल्यावर तो पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात पन्नासेक वर्षे गंजत पडला होता. पोरे तोफेला लोंबकळत, शेळ्या सावलीला बसत. माजी सैनिकांच्या संघटनेने तो पुन्हा चालता करायचे ठरवले आणि काम आम्हा दोघांकडे आले. दोघे म्हणजे मी आणि माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ.

या माझ्या मेहुण्याला सगळे 'गेज' म्हणत. बेअरिंगवरून नुसते बोट फिरवून किती झिजले ते तो सांगायचा. मग आम्ही खरे गेज लावून मोजायचो आणि आकडा तोच निघायचा. धंदा मी त्याला शिकवला, पण बोटे त्याची स्वतःची होती. नऊ वर्षे, एकही रविवार न चुकवता, आम्ही तो रणगाडा खोलला, धुतला, घासला आणि परत जुळवला. काढलेल्या प्रत्येक बोल्टला त्याने पत्र्याची चकती बांधली होती आणि तिच्यावर नंबर कोरला होता. त्या नऊ वर्षांत मी जितका सुखात होतो तितका नंतर कधीच नव्हतो.

त्या इंजिनाची एक खोड सांगायला हवी. त्याची नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखी गोल बसवलेली आहेत. इंजिन नुसते उभे राहिले की वरचे तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसाच स्टार्टर दाबला तर पिस्टन त्या तेलावर आपटतो आणि आतला रॉड मोडतो. म्हणून आधी मागून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने पन्नास फेरे फिरवायचे, म्हणजे तेल निघून जाते. आमचा नियम असा होता की, फिरवणाऱ्याने फेरे पूर्ण करायचे आणि मगच रणगाड्याच्या पोटावर टांगलेल्या पाटीवर खडूने आकडा लिहायचा. चालवणाऱ्याने पाटी वाचायची, माणसाला विचारायचे नाही. माणूस 'झालं झालं' म्हणतो, पाटी तसे म्हणत नाही, असे गेज म्हणायचा.

कलम ५. हे कलम माझ्या मुलीने बसून वाचावे.

एकोणीस वर्षांपूर्वी रणगाडा मैदानात पहिल्यांदा लोकांपुढे चालायचा होता. मांडव, खुर्च्या, पाहुणे, सगळा थाट. गेज चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट तपासत होता आणि हँडल माझ्याकडे होते. फेरे झाले की हात तेलकट होतात, मग खडू निसटतो. मी नवा पांढरा शर्ट घातलेला. म्हटले, आज आधीच लिहून टाकू. पाटीवर '५०' लिहिले आणि फिरवायला लागलो. बारा फेरे झाले असतील, तेवढ्यात संघटनेचे चिटणीस धावत आले. पाहुणे खोळंबलेत, एक फोटो, दोन मिनिटे, चला. मी हँडल काढले, फडक्याला हात पुसले आणि गेलो. पाटी तशीच राहिली.

फोटोवाला सगळ्यांना जवळ सरका म्हणत असताना मला रणगाड्याचे झाकण बंद झाल्याचा आवाज आला. गेज आत बसला होता. त्याने पाटी वाचली होती. माझ्याकडे तीन सेकंद होते, चार म्हणा. 'थांब' एवढेच ओरडायचे होते. पण बाजूला पाहुणे उभे होते, आणि शर्ट पांढरा होता, आणि मी उस्ताद होतो. मला लाज वाटली. ओरडलो नाही.

रॉड मोडून इंजिनाच्या अंगातून बाहेर आला. पेट्रोलची नळी तुटली आणि मागून जाळ उठला. गेज पुढून उडी मारून मागे धावला आणि पेट्रोलचा कॉक बंद करायला त्याने उजवा हात आत घातला. कॉक बंद झाला. मैदानात दीडदोनशे माणसे होती, त्यांतल्या कोणाला खरचटलेही नाही. त्याचा हात मात्र मनगटापर्यंत भाजला. लोक त्याला उचलून नेत होते तेव्हा मी रणगाड्यापाशी गेलो आणि माझ्या बाहीने पाटी पुसली.

पंधरा दिवसांनी संघटनेच्या खोलीत चौकशी झाली. गेज हात गळ्यात बांधून आला होता. त्याने सांगितले, पाटीवर पन्नास होते. चिटणीसांनी मला विचारले. मी म्हणालो, 'माझे बाराच फेरे झाले होते. पाटी कोरी होती.' यातले अर्धे खरे होते, म्हणून तर सगळ्यांना पटले. गेजने माझ्याकडे एकदा पाहिले. पाटी न बघता इंजिन चालू केले, असा निष्काळजीपणाचा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. खाली सही माझीही आहे.

का केले असे, याला माझ्याकडे भारदस्त कारण नाही. घाबरलो, एवढेच. पहिल्या दिवशी वाटले उद्या सांगू. मग वाटले हात बरा होऊ दे, मग सांगू. हात बरा झाला, पण बोटांची टोके गेली. कातडी गुळगुळीत आणि जाड आली, तिला काही कळेना. गेली अठरा वर्षे तो वाहनतळाच्या फाटकावर पावत्या फाडतो. मी तिकडून गाडी नेत नाही. वेल्डरला मी कोणत्या तोंडाने हसतो आहे?

माझ्या पत्नीने त्या वेळी मला एकदाच विचारले होते, 'तुम्ही नक्की बघितलंत? पाटी कोरी होती?' मी म्हटले, नक्की. तिने नवऱ्यावर विश्वास ठेवला आणि सख्ख्या भावाकडे जाणे हळूहळू सोडले. सहा वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात म्हणाली, त्याला बोलवा. मी 'बघू' म्हणालो. दोघे बोलत बसले तर काय निघेल, याची मला धास्ती होती. दोन दिवसांनी ती गेली. तो आला, आमच्या फाटकाशी उभा राहिला आणि आत न येता परत गेला. बाकी सगळ्याचा हिशेब कसाबसा लागेल, या एका 'बघू'चा लागणार नाही.

संघटनेने रणगाडा भंगारात काढला तेव्हा तो मी विकत घेतला. दुसरे इंजिन मिळवून तो पुन्हा उभा करायला मला अकरा वर्षे लागली. लोक म्हणतात, काय ही जिद्द! जिद्द वगैरे काही नाही. शेडमध्ये असलो की घरात बसावे लागत नसे.

कलम ६. त्या दिवशीचा फोटो पुढच्या खोलीत टांगलेला आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत, मी एकटा मान वळवून रणगाड्याकडे बघतो आहे. येणारे-जाणारे म्हणतात, बघा, फोटोतसुद्धा याचा जीव त्या रणगाड्यात. हा फोटो चिटणीसांना द्यावा, आणि मी तेव्हा काय बघत होतो तेही सांगावे. जाता जाता, रणगाड्याला मी सांगितलेला मातकट हिरवा सोडून पोपटी रंग त्यांनीच फासला होता. तो पाहून शत्रू हसून हसून मेला असता. तो राग मात्र आता मी सोडला आहे.

कलम ७. रणगाडा, त्याचे इंजिन, लोखंडी हँडल आणि ती पाटी, हे सर्व माझा मेहुणा गेज याला. कोणतीही अट नाही. विकावा, ठेवावा, भंगारात द्यावा. मी गेल्यावर सर्वांना शेडमध्ये जमवून कलम पाच मोठ्याने वाचावे, आणि चौकशीला बसलेल्यांपैकी जे हयात असतील त्यांना पुढे बसवावे. जिवंतपणी त्याच्यापुढे उभे राहून हे सांगायची हिंमत मला नाही, हेही लिहून ठेवतो.

कलम ८. यातली एखादी वस्तू काही कारणाने ज्याची त्याला देता आली नाही, तर ती मुलीकडे जावी.

पुरवणी. वरचे सगळे परवा लिहून झाले. माझे अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून स्वच्छ प्रत काढायला कागद मुलीला दिले. ती वाचत कलम पाचपर्यंत गेली, माझ्याकडे न बघता चपला घातल्या, कागद घेतले आणि निघून गेली. मी म्हटले, आता ही पण गेली. तासाभराने रिक्षा थांबली आणि ती मामाला घेऊन आत आली.

एकोणीस वर्षांनी तो माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. केस पिकले आहेत. कागद त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचले. उजव्या हाताला पान उलटता येत नाही, म्हणून डाव्याने उलटत होता. मला वाटले होते शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपे गेले असते.

'हे मला तुम्ही गेल्यावर कळणार होतं?' त्याने विचारले.

मी हो म्हणालो.

'मग मी भांडायचं कोणाशी, दाजी?'

मला रडू आले, ते आले तसे लिहितो. मुलीने त्याला पाणी दिले, मला दिले नाही. बरोबरच केले.

तेवढ्यात साक्षीसाठी कंपाउंडर येऊन बसले. कारकून यायचे होते. गेजने विचारले, साक्षीदाराने कुठे सही करायची असते? मी त्याला वकीलबाईंचे म्हणणे समजावून सांगितले. तू सही केलीस तर रणगाडा तुला मिळणार नाही, तू नको करूस, कारकून येताहेत. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

'मला तो डबा नको,' तो म्हणाला. 'त्या दिवशी पाटी बघणारा मी एकटाच होतो. माझी साक्ष तेव्हा कोणी धरली नाही. आता धरा.'

कलम सात खोडायला मी पेन उचलले, तर तेही त्याने खोडू दिले नाही. असू दे म्हणाला. म्हणून रणगाडा आता कलम आठप्रमाणे मुलीकडे जाईल. कारकुनांना येऊ नका असा निरोप पाठवला. 'माफ केलं' असे कुठेही लिहायचे नाही, कारण अजून केलेले नाही, हे त्याने सांगितले आणि मला ते येथे नमूद करायला लावले. उद्या सकाळी तो शेडमध्ये येणार आहे. हँडल मी फिरवायचे आणि मोजायचे त्याने, असे ठरले आहे. गुडघ्यांचे कारण त्याने ऐकून घेतले नाही.

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. ते खरे आहे, आणि उशिरा लिहिलेले आहे.

मुक्काम: राहत्या घरी, पुढच्या खोलीत, फोटोखाली.
दिनांक: ९ मार्च २०१९, दुपारी साडेबारा.

सही: लिहून ठेवणार.

साक्षीदार १ (शेजारी, कंपाउंडर): लिहून ठेवणाऱ्याने माझ्यादेखत सही केली. दुसऱ्या साक्षीदाराने डाव्या हाताने केली, तीही मी पाहिली. सही.

साक्षीदार २ (मेहुणा): पाटीवर पन्नास होते. मी स्वतः वाचले होते. सही.