चारवरचा पंखा

प्रिय आक्का,

आज उद्यमबागेतल्या गॅरेजातून गाडी दुरुस्त करून आणली आणि घरात पाऊल टाकताच तुझ्याशी भांडायला तोंड उघडलं. पण घरात होतं कोण? तू जाऊन तीन महिने झाले. म्हणून कागदावर भांडते आहे.

गाडीतल्या पंख्यावरून आपण किती वाद घातले! हिटर असो की एसी, तुझा पंखा कायम चारवर. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, तू काय बोलतेस ते ऐकू यायचं नाही. एकदा तर मी गाडीचं पुस्तकच तुझ्या नाकासमोर धरलं. "यात चार वेग लिहिलेत. एकावर लाव की कधीतरी."

"लई शानी हैस. गप बस गं," तू म्हणालीस.

आप्पांनी कॉन्व्हेंटात घातलं ते मला, तुला नाही. छापलेलं तेवढं खरं, ही खोड मला तिथलीच. शेवटच्या वर्षी मी जाहीर केलं, त्या वादळात मी बसणार नाही. मग दर महिन्याला तू निपाणीला, आपल्या मामेबहिणीकडे, शकूताईकडे एकटी जाऊ लागलीस.

परवा सकाळी धुक्यानं काच धुरकटली. मी रुबाबात पंखा एकवर लावला. काही नाही. दोन, तीन, तेच. चारवर वादळ.

तुझ्या परशराम मेकॅनिकला हे सांगितलं, तर त्यानं गाडीकडे पाहिलंही नाही. सरळ ड्रॉवर उघडून बोटाएवढा पार्ट काढला.

"गाडी न तपासताच? मला काय खुळी समजलास?"

"तसं न्हाय, बाई. ह्यो रेझिस्टर. एक-दोन-तीनचा करंट ह्यातनं जातोय, चारचा सरळ. तुमचा जळून दोन वर्सं झाली."

"आणि मला आज सांगतोस?"

त्यानं मान खाजवली. "गाडी जुनी, नवीन पार्ट मिळत नव्हता. आक्का म्हणाल्या, भंगारातल्या गाडीत कुठं मिळतोय का बघ. पर धाकटीला सांगू नको, ती गाडी विकाय लावती. मिळाला, तवर त्या गेलत्या."

मग त्यानं पंख्यात अडकलेला सुका पाला काढला. त्या पाल्यानंच मोटरवर लोड येऊन रेझिस्टर जळतो म्हणे. मी उभी राहून बघत होते.

दोन वर्षं माझी बोलणी खाल्लीस, एका शब्दानं सांगू नये? सांगितलं असतंस तर मी गाडी विकायलाच लावली असती. तू मला इतकं पुरतं ओळखलंस, याचाच जास्त राग येतो.

येताना पंखा एकवर होता. गाडीत इतकी शांतता, की शेजारी कोणी हळू बोललं असतं तरी ऐकू आलं असतं. शेजारची जागा रिकामी होती.

तुझ्या तेराव्याला शकूताईनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली होती. माझे गुडघे? मला काही कळेना. आज तुझी ही लपवालपवी समजली, तेव्हा कळलं. वर्षभर माझ्या न येण्याचं कारण तू तिला तेच सांगत होतीस. मला झाकून घेत होतीस.

गाडी मी विकणार नाही. रविवारी ती घेऊन एकटी निपाणीला जाईन. शकूताईला तोंडावर सांगेन, माझे गुडघे ठणठणीत आहेत, तेव्हाही होते. मला यायचं नव्हतं.

तुझी,
धाकटी