चार वाजता तुटणारी लाइन

रविवार, संध्याकाळ

भंगारात द्यायच्या आधी जुना कॉम्प्युटर चालू केला. मोडेमवरून फायली पाठवायचा तो शेअरवेअर प्रोग्राम अजून आहे. कमांड टाइप केली, तर आधी 'पैसे भरून नोंदणी करा' ही भुणभुण, मग जुन्या नोंदी. रोज चारला तेच: लाइन तुटली. म्हणजे बायकोने, सुमनने, त्याच लाइनवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला. "अहो, आईला फोन करायचाय, किती वेळ?" तिकडे मांजरी गावात तिची आई चारला फोनपाशी बसून असायची.

एकदा ओरडलोच सुमनवर. काय बोललो, ते इथे लिहवत नाही. आता ती जाऊन सहा महिने झाले.

मी ओरडलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चारच्या प्रत्येक नोंदीत 'फाइल पूर्ण'. अगदी शेवटपर्यंत.

आणि मी तेव्हा तिलाच सांगत होतो, बघ, लाइन सुधारली.