चारशे वॅटची अंबाडी

३ जून, सोमवार

हिचं वजन ४२.६. परवापेक्षा दोनशे ग्रॅम कमी!

दोन चमचे वरणभात खाल्ला आणि ताट सरकवलं. "अहो, कागद चावल्यासारखं लागतं." मी म्हटलं, कागद तर कागद, पण गिळ! चुकलंच माझं. पण करू काय? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय – आतड्याचं दुसरं ऑपरेशन वीस ऑगस्टला, तेही वजन पंचेचाळीस भरलं तरच. आणि माझा कंपनीचा इन्शुरन्स ३१ ऑगस्टला खलास. अठ्ठावीस वर्षं इथे आखातात ह्यांच्या गोदामांना आणि स्टेडियमना दिवे लावले. साठी झाली, केक कापला, एक पेन दिलं, म्हणाले बसा घरी. ऑगस्टनंतर ऑपरेशनला किती लागतील तो आकडा मी ह्या वहीत लिहिणार नाही.

संध्याकाळी मात्र अचानक म्हणाली, "अंबाडीची भाजी खावीशी वाटतेय." तीन महिन्यांत पहिल्यांदा विद्युल्लतेने तोंडाने काही मागितलं! हिचं माहेर गुहागरचं, तिकडे अंबाडीला कुणी विचारत नाही. आमच्या औशाच्या घरी आल्यावर आईच्या हाताखाली शिकली. आणि आजारपणात आठवली ती अंबाडीच!

६ जून

मुसफ्फाची दुकानं झाली, शहरातलं भाजी मार्केट झालं. पालक आहे, मेथी आहे, अरबांची मुलुखिया तर ढिगाने. अंबाडी? "वो क्या होता है साब?" एकाने चुका दिला हातात. म्हणे सेम आहे. सेम काय सेम!

९ जून

कुणाल येऊन गेला. माझा भाचा, दुबईत अल बर्शाला असतो, परवाच लातूरहून परतला. ताईने काळ्या मसाल्याच्या डब्यात पुडी घालून अंबाडीचं बी पाठवलंय – मूठभर! फोनवर म्हणाली, "टाक मातीत, तणासारखी येते."

तुला काय माहीत, ताई. बाहेर शेहेचाळीस डिग्री आहे. व्हिलाच्या मधल्या मजल्यावर तीन खोल्या, बाल्कनी नाही, अंगण मालकाचं. राहिली मेडरूम. मोलकरीण आम्ही कधी ठेवली नाही, त्यामुळे तिथे बॅगा राहतात. खिडकी नाही. म्हणजे दिवा लागणार. आता दिवा म्हटलं की मला कुणी शिकवायचं नाही!

१२ जून

ऋता शिकवतेय. अकरावीतली पोर. "बाबा, जस्ट गेट अॅन एलईडी. इट्स पर्पल." जांभळा! आमच्या घरात जांभळा उजेड! मी म्हटलं, पानाला हवा पांढरा, निळसर, सूर्यासारखा उजेड. तो फक्त मेटल हॅलाइडचा दिवा देतो, स्टेडियमवर लागतो तो. पिवळा सोडियम फुलांना ठीक. मला फुलं नकोत, मला पाला हवाय.

मग जरा खात्री करावी म्हणून नेटवर बसलो. अडीचशे घ्यावा की चारशे, किती उंचीवर टांगावा. आणि बघतो तर काय – जो तो गांजा लावतोय! मेटल हॅलाइड म्हटलं की गांजा, घरातली बाग म्हटलं की गांजा! कुठल्या कुठल्या देशातले लोक मोठ्या प्रेमाने लिहितात, फोटो टाकतात. चौदा पानं वाचली, एकाला मेथीसुद्धा लावावीशी वाटली नाही. ऋता मागे उभी होती, मला पत्ताच नाही. "बाबा! आर यू इन्सेन? इन दिस कंट्री? डिलीट युअर हिस्टरी!"

इथे एक काडी सापडली तरी तुरुंग, मग डिपोर्ट. मला काय माहीत नाही? पण मी अंबाडी लावतोय, बाई!

१४ जून

शौकतभाईच्या दुकानात. रत्नागिरीचा माणूस, वीस वर्षं माझ्या साइटना माल देतोय. तोही एलईडी, एलईडी करत बसला. "वसंतराव, हॅलाइड आता कोण घेतो? गोदामात धूळ खातोय." मग धूळ झटक आणि दे! चारशे वॅटचा दिवा, चोक, इग्नायटर, पुढे काच असलेली फिटिंग. काच हवीच, दिवा फुटला तर घरात काचांचा पाऊस नको. १८५ दिरहम. म्हणजे सव्वाचार हजार रुपये! चार जुड्यांच्या भाजीसाठी!

पावती फाडताना हळूच विचारतो, "झाडांसाठी ना? ह्याच्याखाली लोक काय लावतात ठाऊक आहे ना तुम्हाला?" सगळ्यांनाच ठाऊक आहे, मीच एक अडाणी.

१५ जून

चोक अडीचशेचा निघाला. खोक्यावर चारशे! शौकतभाई म्हणे, सोमवारी बदलून देतो, इन्शाल्ला. त्याच्या इन्शाल्लाला वीस वर्षं ओळखतो मी. आत्ताच जाऊन बसलो दुकानात.

१७ जून

लागला! आधी जांभळट, मग मिणमिणता, आणि पाच मिनिटांनी – लख्ख! मेडरूममधे दुपार झाली. आता पहाटे सहा ते रात्री दहा चालू. मधेच बंद केला तर पंधरा मिनिटं पुन्हा पेटत नाही, आधी गार व्हावा लागतो. ऋताला सांगितलं, बटणाला हात लावायचा नाही. तिने हात जोडले.

विद्युल्लता भिंत धरत धरत बघायला आली. "ह्या उजेडात माझा पासपोर्टचा फोटो काढा, अगदी भूत दिसेन." चेष्टा सुचते हिला. दुपारी अर्धी पोळी.

२३ जून

उगवली!! सहा टब, सगळे हिरवे.

१ जुलै

४२.१.

डाएटिशियन उझमाचा फोन. म्हसळ्याची मुलगी, गोड बोलते, पण आज तिचाही आवाज कडक होता. "काका, असंच चाललं तर सर तारीख देणार नाहीत." मी काय करू? प्रोटीन पावडर कालवली, तिने सिंकमधे ओतली. खजूर आणले, उशीखाली ठेवले. मी समोर खुर्ची टाकून बसतो, घास मोजतो. आज तिने चमचा आपटला. "बघत बसू नका हो माझ्याकडे! तुमच्या बागेत जा."

गेलो.

८ जुलै

पानांच्या कडा करपल्या. दिवा फार खाली टांगला होता! अठ्ठावीस वर्षांचा अनुभव ना माझा – पण गोदामात खाली खोकी असतात, झाडं नाही. फूटभर वर घेतला, एसी अठरावर केला. आता त्या खोलीत स्वेटर घालून पाणी घालतो, जुलै महिन्यात. टबांना पाणी घालताना मला शिट्टी वाजवायची सवय लागलीय, असं ऋताचं म्हणणं. खोटं आहे.

१९ जुलै

सत्यानाश!

पहिली पानं गोल होती, साधी, कुणी ढुंकून बघितलं नसतं. चार दिवसांपूर्वी वरती नवी फुटली – त्यांना बोटं! आधी तीन, मग पाच, आज सात. कडा करवतीसारख्या. मी आपला खूश, अंबाडी अशीच असते, लहानपणापासून शेताच्या बांधावर बघितलेली. ऋता टॉवेल शोधत आत आली आणि किंचाळली. तिने फोनवर एक फोटो शोधून पुढे धरला. गांजाचा. मग आमच्या टबाकडे बोट. मग परत फोटो.

एक पान दुसऱ्यासारखं! डोळे चोळून बघितलं. बंद खोली, चारशे वॅटचा हॅलाइड, सहा टब, एसी अठरावर – त्या चौदा पानांवर लिहिलेलं सगळं मी जसंच्या तसं केलंय! मला धरून नेलं तर वीस ऑगस्टला हिच्याबरोबर कोण जाईल? कसलं ऑपरेशन आणि कसलं काय!

२० जुलै

रात्री ठरवलं, उपटून टाकायची. काळी पिशवी घेऊन गेलो तर विद्युल्लता दारात. "कचऱ्यात टाकणार? नातूर पिशव्या उघडून बघतो, माहीत आहे ना?" खरंच की! व्हिलाचा नातूर, म्हणजे वॉचमन, डबे-बाटल्या वेगळ्या काढतो. टाकली तरी पंचाईत, ठेवली तरी पंचाईत.

"राहू द्या," म्हणाली. "एवढं वाढवलंत. आठ-दहा दिवसांत भाजी होईल, खाऊन टाकू, विषय संपला."

दाराच्या फटीला चादर लावली. चोरासारखं वाटतंय स्वतःच्या घरात.

२७ जुलै

फहदचा मेसेज. फहद म्हणजे मालकाचा मॅनेजर, पेशावरचा. भाड्यातच वीज-पाणी असतं, बिल मालक भरतो – आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही! सोळा तास चारशे वॅट, वर एसी. "वसंत साब, बिल डबल आया है. सोमवार को सब फ्लॅट चेक करूँगा."

सोमवार म्हणजे परवा. विद्युल्लतेला म्हटलं, उद्याच खुडू. म्हणे, अजून टोपभरसुद्धा होणार नाही, आठवडा द्या. ऐकलं मी तिचं! हिचं ऐकायचं ठरवलं की माझी अक्कल गहाण.

२९ जुलै, सोमवार

आज अक्षर वाईट येईल.

फहद सकाळी अकराला आला. मी बेल ऐकून दिवा बंद केला. त्याने किचन बघितलं, बेडरूमचा एसी बघितला, आणि मेडरूमचं दार ढकललं. आत अंधार, आणि फिटिंग तापून टकटक वाजतेय. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. कमरेएवढी झाडं.

"वसंत साब. ये क्या है?"

"सब्जी है."

"सब्जी? मैं बच्चा हूँ क्या?"

मी नेट उघडून अंबाडी दाखवली. तिथे इंग्रजीत लिहिलेलं – डेक्कन हेम्प. हेम्प म्हणजे भांग-गांजाचंच झाड, ते वाचून तर तो दोन पावलं मागेच सरकला! "साब, आप शरीफ आदमी हो, लेकिन मुझे फोन करना पड़ेगा. मेरी भी नौकरी है, मेरे भी बच्चे हैं." नंबर काढला त्याने. मी अल्लाची शपथ, देवाची शपथ, मुलीची शपथ, सगळ्या घातल्या. ऋता दारात रडतेय.

तेवढ्यात विद्युल्लता उठून आली. एवढीशी झालेली, गाउनवर माझा स्वेटर. मला कोपराने बाजूला केलं, शेंड्याची दोन पानं खुडली, एक सरळ तोंडात टाकलं आणि चावायला लागली. दुसरं फहदसमोर धरलं. "सब्जी है. खाओ तुम भी. खाओ!"

त्याने पान हातात घेतलं. आणि ही चावता चावता थांबली. डोळे मिटले, जबडा आवळला, आख्खा चेहरा गोळा झाला. मला वाटलं, उलटी होणार.

"आंबट," म्हणाली.

मी म्हटलं, काय?

"अहो, आंबट आहे! आंबट लागतंय मला!"

फहदने तेवढ्यात त्याचं पान चावलं होतं. "खट्टा है," म्हणाला. "ये तो सच में खट्टा है." मला एवढं रडू फुटलं की भिंतीला टेकून बसलो खाली. परक्या माणसासमोर! रडलो, लाज नाही वाटली. फहद बिचारा गोंधळला, फोन खिशात टाकला. म्हणाला, मेरी अम्मी भी बीमार है. मग परत मॅनेजर झाला: "लेकिन बत्ती आज से बंद. और ये सब आज ही काटो, मेरे सामने." त्याच्यासमोर कापली. चार जुड्या झाल्या. एक त्याने नेली!

३० जुलै

कण्या, तुरीची डाळ, लसणाची फोडणी. आईची पद्धत. शेजारच्या खोलीपर्यंत वास. हिने एक घास घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली – "तुम्ही खा, दमलात." वर आमसुलाची कढी मागितली. कढी! दोन महिने मी अंबाडीसाठी मरमर मेलो आणि बाईसाहेबांना कढी! पण दोन वाट्या भात खाल्ला कढीबरोबर. मग कैरीचं लोणचं मागितलं. उझमा म्हणते, चव मारणारी ती औषधं थांबून दोन महिने झाले, चव परत यायचीच होती, काका. येऊ दे, कशानेही येऊ दे.

८ ऑगस्ट

४३.८. चिंचेचं सार, ताकभात, सकाळी चक्क थालीपीठ. दिवा शौकतभाईला परत नेला. म्हणे, वापरलेला माल घेत नाही, हबीबी. त्याच्या काउंटरवर ठेवून निघून आलो.

१५ ऑगस्ट

४४.७. चिडचिड होते, पण कुणावर ते कळत नाही. मेडरूम रिकामी आहे. उगाच दार उघडून बघतो.

१८ ऑगस्ट, रविवार

४५.१. उझमाने दोनदा काटा बघितला. परवाचं पक्कं!

रात्री मी ऋताला म्हटलं, बघ, आईची अंबाडी कशी कामी आली. ती हेडफोन काढून म्हणाली, "बाबा, आई हेट्स अंबाडी. ऑलवेज डिड. शी टोल्ड मी इन जून."

मग मागितली कशाला?

"बिकॉज यू वेअर जस्ट सिटिंग देअर. ऑल डे. वॉचिंग हर प्लेट."

जेवायला बसलो. हिच्या ताटाकडे बघितलं नाही. भाकरी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला.