सकपाळांच्या ठासणीच्या बंदुकीची व्यवस्था

मी, मंजुळा चंद्रकांत सकपाळ, वय पंचाहत्तर, धंदा पूर्वी अंगणवाडी सेविका, हल्ली कुरकुर, राहणार बौद्धवाडी, आंबेनळी घाटाचा पायथा, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे लावावी. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉ. संजीवनी तांबे यांनी तपासून सांगितले आहे. गुडघ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

१. लोक घराच्या आधी बंदुकीचेच विचारतील, म्हणून आधी बंदूक. ही लष्करी ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून दारू-गोळी घालून गजाने ठासायची, घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी फुटते आणि बार उडतो, असे म्हणतात. मी तो उडालेला पाहिलेला नाही. घोड्याची कमान माझ्या लग्नाआधीच मोडली होती.

माझ्या यजमानांचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होते, एवढे खरे. पुढे सासऱ्यांच्या मते साहेबाने खूश होऊन बंदूक बक्षीस दिली. सासूबाईंच्या मते जुना माल लिलावात निघाला तेव्हा म्हाताऱ्याने ती भंगाराच्या भावात आणली. माझे धाकटे दीर मालोजी भावोजी सांगतात की ती भर लढाईत शत्रूच्या हातून हिसकावली. भावोजींना आजवर एसटीत खिडकीची जागा हिसकावता आलेली नाही. मी तिन्ही कथा सांगते. पाहुणा उठायला लागला की भावोजींची काढते.

२. परवाना पीक संरक्षणाचा आहे. रानडुकरांनी आमची नाचणी दर वर्षी बंदुकीच्या देखत खाल्ली. यजमान गेल्यावर भावोजी पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरले आणि मुलगा अश्वजित कळंबोलीला, म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हापासून निवडणूक लागली की ठाण्याचा निरोप येतो आणि मी बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने पोलादपूरला जमा करून येते. निकाल लागले की परत आणते. तिच्याइतके माहेरपण मला कधी मिळाले नाही.

३. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या बंदुका जमवतात. अश्वजितने त्यांना घरी आणले. नळीत बोट घालून त्यांनी आतल्या पिळाच्या खाचा चाचपल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. मग घोड्याजवळची लोखंडी पट्टी पाहून ते खालीच बसले. "आजी, इथं मुकुट आणि साल कोरलेलं असतं. कुठं गेलं?"

"भीमजयंतीला चकचकीत करते ना मी. चिंच आणि राख."

"दर वर्षी?"

"लग्न झाल्यापासून."

पितळी भाग भांड्यांसारखा लखलखतो याचे मला कौतुक होते. लाकडाला निळा ऑइलपेंट कोणी लावला, हे विचारायचे त्यांच्यात त्राण उरले नव्हते. तोही मीच लावला. चहा न घेता गेले बिचारे.

४. पोस्टातल्या पैशातून माझे पुण्यानुमोदन साधेपणाने करावे. उरेल ते दोन्ही मुलांना सारखे. मालोजी भावोजींना भाषणाला उभे करू नये. आग्रहच धरला तर जेवणानंतर करावे, म्हणजे माणसे निदान उपाशी राहणार नाहीत.

५. बंदूक अश्वजितला. त्याने स्वतःचा परवाना काढावा, तोवर ती ठाण्यात राहील. कळंबोलीत तिच्या नावावर त्याने बरीच मिजास मारली आहे, तेव्हा ती त्याच्याच घरी शोभेल.

६. हे घर माझ्या मानधनातून उभे राहिले आणि माझ्या नावावर आहे. ते परसातल्या फणसासह संपूर्णपणे माझी मुलगी शर्मिला हिला. अश्वजितचा यात हिस्सा नाही. त्याचे कारण लिहिते.

शर्मिला नवऱ्याचे घर सोडून आली तेव्हा तिच्या दंडावर वळ होते. मी अश्वजितला फोन केला. तो म्हणाला, "आई, संसारात थोडंफार चालायचंच. पाठव तिला." हे मी विसरलेले नाही.

गेल्या विधानसभेच्या वेळी शर्मिलाचा नवरा दोन मित्रांना घेऊन भर दुपारी जीपने आला. तिला उचलून न्यायचे असे महाडात सांगून आला होता. बंदूक तेव्हा पोलादपूरच्या ठाण्यात होती. मी शेजारच्या रंगूबाईचे मुसळ त्याच लुगड्यात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन ओटीवर बसले. लुगडे साऱ्या गावाच्या ओळखीचे आहे.

"बसा जावयबापू," मी म्हटले. "चा टाकली असती, पण मांडीवरचं खाली ठेवता येत नाय."

रंगूबाई कुडापलीकडून म्हणाली, "जावा हो जावयबापू. म्हातारीचा नेम नाय."

तो लुगड्याकडे पाहत उभा राहिला. मग मित्रांशी काहीतरी पुटपुटला आणि जीप वळली. दीडशे वर्षांत आमच्या बंदुकीने जिंकलेली ही एकच लढाई, आणि तिला ती हजर नव्हती.

पोरीला मी पाठवणार नव्हते, मेले असते तरी नाही. मी गेल्यावर तो पुन्हा येईल, कदाचित अश्वजितला पुढे घालून. तेव्हा ओटीवर मी नसेन. शर्मिला, तू मुसळ शोधत बसू नकोस. घराचा उतारा तुझ्या नावावर झालेला असेल. तो दाखव आणि दार लावून घे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

मंजुळा चंद्रकांत सकपाळ (सही)

साक्षीदार:
१. डॉ. संजीवनी तांबे, पोलादपूर (सही)
२. रंगूबाई मोरे, बौद्धवाडी (डाव्या हाताचा अंगठा). मुसळ परत मिळाले.

ठिकाण: पोलादपूर
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५